वाळूवरची पावले पुसण्याची परवानगी कोणी दिली?

‘सार्वजनिक’ हा शब्द इतरांना नागरिकशास्त्राच्या पुस्तकात भेटतो. आपल्या समाजाला तो चवदार तळ्यावर भेटला, आणि डोकी फुटल्यावर भेटला. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळात रावबहादूर बोले यांचा ठराव मंजूर झाला. सरकारी पैशाने बांधलेले किंवा चालवलेले पाणवठे, धर्मशाळा, शाळा, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना खुले असतील, असा तो ठराव. महाड नगरपालिकेने पुढच्या वर्षी तळे खुले केल्याचा ठरावही केला. म्हणजे कागदावर तळे सार्वजनिक झाले. पण २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आपल्या माणसांसह त्या तळ्याचे पाणी प्यायले तेव्हा काय झाले, ते तुम्हाला सांगायला नको.

मला आज त्यानंतरची गोष्ट सांगायची आहे, जी आपण भाषणात कमी सांगतो. सनातन्यांनी डिसेंबर १९२७ मध्ये कोर्टात दावा लावला. त्यांचे म्हणणे काय होते? अस्पृश्य वाईट आहेत, असे नव्हे. त्यांचे म्हणणे होते की हे तळे सार्वजनिक नाहीच, ते खासगी स्वरूपाचे आहे आणि त्यावर पूर्वापार आमचीच वहिवाट आहे. मुंबई उच्च न्यायालयाचा अंतिम निकाल १७ मार्च १९३७ रोजी लागला. घोटभर पाणी सार्वजनिक आहे हे सिद्ध करायला आपल्याला दहा वर्षे कोर्टात उभे राहावे लागले. आणि दुसऱ्या परिषदेच्या मंडपाला महाडमध्ये जागा मिळेना, तेव्हा ती दिली फत्तेखान या मुसलमान गृहस्थाने, स्वतःच्या खासगी मालकीची. सार्वजनिक तळ्याची परिषद खासगी जमिनीवर! या देशात ‘सार्वजनिक’ म्हणजे काय, याचे याहून नेमके उदाहरण माझ्याकडे नाही.

सार्वजनिक जागेतून माणसाला बाहेर काढण्याच्या दोन रीती आहेत. पहिली महाडची : ही जागा सार्वजनिक नाही, आमची आहे. ही रीत उघडी आहे, म्हणून तिच्याशी लढता येते. दुसरी रीत जास्त सभ्य आहे. तिच्यात जागा सार्वजनिक आहे हे आनंदाने मान्य केले जाते. फक्त एवढेच म्हटले जाते, की इथे कोणी नाही. जागा रिकामी आहे, पडीक आहे, ओसाड आहे. आणि जिथे कोणी नाही, तिथून कोणाला हाकलल्याचा प्रश्नच कुठे येतो?

ही दुसरी रीत मी डोळ्यांनी पाहिली ती जैसलमेरच्या वाळूत. मी सहा-सात वर्षे मुंबईत सिनेमाच्या सेटिंगमध्ये काम केले आहे. सेटिंगवाला म्हणजे खिळे ठोकणारा, फ्लॅट उभे करणारा, रंग मारणारा आणि पॅकअप झाल्यावर सगळे मोडून टेम्पोत भरणारा माणूस. शेवटच्या श्रेयनामावलीत हिरोच्या केशभूषाकाराचे नाव येते, आमचे येत नाही. पण तो आजचा विषय नाही.

आधी ती जागा समजून घेऊ. जैसलमेर शहराच्या पश्चिमेला साधारण चाळीस किलोमीटरवर सम नावाचे गाव आहे. नैर्ऋत्येला खुडी. या दोन्ही ठिकाणच्या वाळूच्या टेकड्या, तिकडच्या भाषेत ‘धोरे’, आपण सगळ्यांनी पाहिलेले आहेत, तिथे कधी गेलो नसलो तरी. सुनील दत्त यांचा ‘रेश्मा और शेरा’ (१९७१) याच जिल्ह्याच्या वाळूत चित्रित झाला. कल्पना लाजमी यांचा ‘रुदाली’ (१९९३) ही इथलाच. नंतर किती गाणी, किती जाहिराती, गाड्यांच्या, दागिन्यांच्या, थंड पेयांच्या, त्याची मोजदाद नाही. या सगळ्यांत धोरा एकच काम करतो. तो रिकामा दिसतो. दूरवर एक उंट, एक ओढणी, मागे सूर्य. बाकी कोणी नाही.

महसूल खात्याचे दप्तरही तेच सांगते. राजस्थानात लागवडीला अशक्य जमिनीपुढे ‘गैर मुमकिन’ असा शेरा असतो. सरकारच्या खात्यातली बिनलागवडीची जमीन म्हणजे ‘सिवाय चक’. आपल्याकडे पडीक, गायरान, पोटखराब म्हणतात, तशातला प्रकार. इंग्रजांच्या महसूल व्यवस्थेने एक विचार रुजवला, की ज्या जमिनीतून सारा येत नाही ती जमीन वाया गेलेली. आपल्या सरकारांनी इंग्रज घालवले, तो विचार ठेवून घेतला.

आता या ‘वाया गेलेल्या’ जमिनीत काय असते ते ऐका. पाऊस वर्षाला दोनशे मिलिमीटरच्या आसपास, बहुधा कमीच. पण वाळू पाणी पिते आणि सांभाळते. जिथे वाळूखाली खडूसारख्या जिप्समचा थर आहे, तिथे मुरलेले पाणी खाली खाऱ्या पाण्यात न मिसळता मध्येच ओलीच्या रूपात अडून राहते. तिकडे त्याला ‘रेजाणी’ पाणी म्हणतात. त्यासाठी माणूस कसाबसा बसेल एवढ्या अरुंद विहिरी खणतात, त्या ‘कुईं’ किंवा ‘बेरी’. रात्रभरात दोन-चार घडे पाणी झिरपते, सकाळी ते काढायचे. धोऱ्यांच्या मधल्या सपाटीवर सेवण गवत असते, ज्यावर थारपारकर गायी आणि शेळ्या-मेंढ्या जगतात. फोग, केर, खेजडी असते. देवाच्या नावाने राखलेली ‘ओरण’ नावाची राने असतात. १९८० साली जाहीर झालेल्या डेझर्ट नॅशनल पार्कचे तीन हजार चौरस किलोमीटरहून मोठे क्षेत्र याच भागात आहे, माळढोकासाठी. तिकडे त्याला गोडावण म्हणतात. आणि या सगळ्यातून जाणाऱ्या वाटा असतात. त्या नकाशावर नसतात. त्या पायांनी पडतात, वाऱ्याने बुजतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पायांनीच पडतात.

आमचे शूटिंग होते ते एका गावाच्या मागच्या धोऱ्यावर. गावाचे नाव लिहीत नाही, कंपनीचेही नाही. कागदोपत्री सगळे नियमात होते. परवानगी होती, फी भरलेली होती. काम होते एका गाण्याचे. नायिका पहाटेच्या उन्हात धोऱ्याच्या धारेवरून एकटी चालत जाते आणि मागे फक्त तिचीच पावले उमटत जातात, असा शॉट.

शॉट दिसायला सोपा, करायला अवघड. वाऱ्याने वाळूवर बारीक लाटा उमटलेल्या असतात. कॅमेऱ्याला त्या हव्या असतात. एक माणूस चालून गेला की लाटा मोडतात. एका टेकमध्ये चूक झाली की पावले पुसायची, पुन्हा टेक, पुन्हा पुसायची. त्यासाठी ब्लोअर होते, फावडी होती, आणि मुख्य म्हणजे झाडू होते. ते काम आर्ट डिपार्टमेंटचे, म्हणजे आम्हा सेटिंगवाल्यांचे. पहाटे चारचा कॉल. मुंबईहून आलेले आम्ही पाचजण आणि रोजंदारीवर घेतलेली गावातली सात-आठ माणसे. हातात झाडू घेऊन उलटे चालत यायचे, म्हणजे आपलीही पावले आपणच पुसत मागे यायचे.

माझे वडील महापालिकेच्या सफाई खात्यात होते. त्यांनी मला आयुष्यात फार उपदेश केला नाही. एक मात्र सांगत : हातात काय वाटेल ते घे, झाडू घेऊ नको. मी हातोडी घेतली होती. त्या पहाटे हातोडी असणाऱ्यांच्याही हातात झाडू आला. कॅमेरा खात्यातल्या, मेकअपमधल्या, सहायक दिग्दर्शकांपैकी कोणाच्या हातात आला नाही. कोणी मुद्दाम जात विचारून वाटप केले नव्हते. तरी आम्हा बारा-तेरा जणांत एकही सवर्ण नव्हता. गावातले सगळे मेघवाल आणि भिल. हे मला कसे कळले? त्यातल्या एका पोराने माझ्या मोबाइलवरचा बाबासाहेबांचा फोटो पाहिला आणि हळूच ‘जयभीम’ म्हणाला. त्यानंतर त्याने सगळ्यांची ओळख करून दिली.

त्यानेच सांगितले की धोऱ्याच्या पलीकडे त्यांच्या वस्तीची बेरी आहे. वस्तीतून बेरीला जाण्याची वाट आमच्या फ्रेमच्या बरोबर मधून जात होती. उजेड चांगला असतो तो सकाळी आणि संध्याकाळी. पाणी काढायची, शेळ्या सोडायची वेळही तीच. पहिल्या दिवशी सिक्युरिटीच्या पोरांनी बायकांना खाली थांबवून ठेवले. दुसऱ्या दिवशीही. उन्हे चढल्यावर सोडले. गावात सरपंचाच्या वाड्याजवळ टाकी होती, पण तिथे या बायकांनी भांडे कुठे ठेवायचे आणि किती वेळ थांबायचे, याचे नियम होते. हे नियम कंपनीने केले नव्हते. पण कंपनीने बेरीची वाट अडवली म्हणून त्या नियमांच्या दारात या बायकांना जावे लागले.

तिसऱ्या दिवशी त्या पोराचे आजोबा वर आले. हातात काठी, डोक्यावर जुना साफा. प्रॉडक्शनच्या माणसाने त्यांना अदबीने सांगितले, ‘‘बाबा, आमच्याकडे परमिशन आहे. जागा सरकारी आहे.’’ म्हातारा म्हणाला, ‘‘सरकारी आहे, म्हणूनच तर आम्ही चालतो. ठाकुराची असती तर चाललो असतो का?’’

मी या वाक्यावर पुढे कित्येक महिने विचार केला. सार्वजनिक जागेची इतकी नेमकी व्याख्या मला कुठल्या पुस्तकात सापडली नाही. सार्वजनिक म्हणजे जिथे दुबळ्याला कोणाची परवानगी न घेता चालता येते, ती जागा. आणि इथे सार्वजनिक असण्याचाच आधार घेऊन त्याला थांबवले जात होते.

आम्ही पाचांपैकी तिघांनी झाडू खाली ठेवले. भाषण केले नाही. एवढेच म्हणालो की आधी बायका पाणी घेऊन जाऊ देत, मग आम्ही पुसतो. आमच्यामागे गावातल्या पोरांनीही ठेवले. बराच आरडाओरडा झाला. उजेड निघून चालला होता आणि झाडू मारायला दुसरे कोणी नव्हते, त्यामुळे शेवटी अर्धा तास दिला गेला. पंधरा-वीस बायका आणि पन्नासेक शेळ्या त्या धारेवरून गेल्या. मग आम्ही झाडू उचलले आणि त्यांच्या पावलांवरून फिरवले. पडद्यावर तो शॉट चार-पाच सेकंदांचा आहे. वाळू अगदी कोरी दिसते. आम्हा तिघांना त्या युनिटचे पुढचे बोलावणे आले नाही.

आता झाडूबद्दल. पेशवाईत पुण्यात अस्पृश्याच्या कमरेला झाडू बांधलेला असे, कारण त्याने मागे टाकलेली पावले त्याची त्यानेच पुसावीत, हे बाबासाहेबांनी १९३६ च्या ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ मध्ये नोंदवून ठेवले आहे. आपल्यातला प्रत्येकजण हे ऐकतच मोठा झाला. कोणी म्हणेल, तुम्ही कुठलेही कशाला जोडता. तिथे विटाळ होता, इथे फ्रेम आहे. तिथे सक्ती होती, इथे मजुरी मिळते.

या आक्षेपाला नीट उत्तर दिले पाहिजे, नुसते चिडून भागणार नाही. दोन्ही गोष्टी एकच आहेत असे मी म्हणत नाही. पेशवाईत पाऊल पुसायचे कारण ते अपवित्र होते. सिनेमात पाऊल पुसायचे कारण ते चित्र बिघडवते. दिग्दर्शकाच्या मनात जात नसेलही. पण प्रश्न मनाचा नाही, व्यवस्थेचा आहे. व्यवस्था तीन प्रश्नांनी ओळखता येते : पाऊल कोणाचे पुसले जाते? ते पुसायला झाडू कोणाच्या हातात दिला जातो? आणि पुसल्यावर ती जमीन कोणाची ठरते? या तिन्ही प्रश्नांची उत्तरे दोन्हीकडे जवळजवळ सारखीच येत असतील, तर कारण बदलले म्हणून आपण निश्चिंत व्हायचे का? धर्माच्या जागी सौंदर्य आले, एवढाच बदल झाला असेल तर तो बदल आपल्यासाठी किती?

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. कोऱ्या वाळूचे चित्र फक्त करमणूक करत नाही, ते पुरावा तयार करते. पन्नास वर्षे पडद्यावर धोरा रिकामा पाहिलेल्या माणसाला तिथे सौर ऊर्जेचा प्रकल्प, रिसॉर्ट, तंबूंचे शहर उभे राहते तेव्हा काहीच खटकत नाही. जैसलमेर जिल्ह्यात देगराय ओरणासारख्या जमिनींसाठी लोकांना अलीकडे आंदोलने करावी लागली ती यामुळेच. १८ डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजस्थानातल्या ओरणांची मोजणी करून त्यांची वन म्हणून नोंद घ्यायला सांगितले. म्हणजे शेकडो वर्षे लोक वापरत असलेली राने सरकारच्या नकाशावर धडपणे नव्हतीच.

कोणी म्हणेल, सिनेमात तिथली माणसे दिसतात की. मांगणियार गातात, कालबेलिया नाचतात. हो, दिसतात. संध्याकाळी सात ते नऊ दिसतात. कालबेलियांच्या नृत्याला २०१० साली युनेस्कोने अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतले. राजस्थानात हा समाज अनुसूचित जातीत आहे, मृतांना पुरतो, आणि पुरायला हक्काची जागा मिळावी म्हणून ठिकठिकाणी अजून झगडतो. म्हणजे नाचायला सगळा धोरा मोकळा आणि पुरायला सहा फूट नाही. मांगणियार मुसलमान आहेत, पिढ्यान्‌पिढ्या यजमानांच्या दारी गाणारे. २०१७ मध्ये जैसलमेर जिल्ह्यातल्या दांतल गावात एका मांगणियार गायकाचा मृत्यू झाला. त्याच्या गाण्याने देवी अंगात आली नाही म्हणून भोप्याने आणि त्याच्या माणसांनी त्याला मारहाण केली, असा आरोप होता. त्यानंतर त्या गावातल्या मांगणियार कुटुंबांनी गाव सोडले. ज्यांचा आवाज वाळवंटाची ओळख म्हणून जगभर विकला जातो, त्यांना त्याच वाळवंटात राहणे अवघड झाले.

‘रुदाली’चेच पाहा. महाश्वेतादेवींची मूळ कथा राजस्थानची नाहीच. ती पूर्वेकडच्या, बिहारच्या बाजूच्या गावातली, भूक, सावकारी आणि जमीनदारीची कथा आहे. तिची नायिका शनिचरी रडते ती पोटासाठी, आणि शेवटी रडण्यालाच धंदा म्हणून संघटित करते. पडद्यावर ती कथा जैसलमेरच्या वाळूत आली. चित्रपट चांगला आहे, त्यातले काम चांगले आहे. पण वाळू इतकी सुंदर आहे की शनिचरीचे दारिद्र्यही सुंदर दिसू लागते. प्रेक्षक डोळे पुसत बाहेर येतो आणि जैसलमेरचे तिकीट काढतो. जमीनदाराचे काय झाले, ते विचारत नाही.

हे फक्त आपल्या देशात होते असेही नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या दक्षिण टोकाला, मेक्सिकोच्या सीमेजवळ, आल्गोडोन्स नावाचे वाळूचे पट्टे आहेत. ‘रिटर्न ऑफ द जेडाय’ या चित्रपटातले परग्रहावरचे वाळवंट १९८२ मध्ये तिथेच चित्रित झाले. ती जमीन केंद्र सरकारची आहे आणि ‘ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट’ हे खाते ती सांभाळते. व्यावसायिक चित्रीकरणाला परवाना लागतो, भाडे द्यावे लागते. त्या पट्ट्याचा उत्तरेकडचा भाग १९९४ च्या कायद्याने राखीव झाला, तिथे गाड्या नेता येत नाहीत. पिअर्सन्स मिल्कव्हेच नावाच्या वाळूतल्या एका झुडपाला १९९८ पासून कायद्याचे संरक्षण आहे. तिथे झुडपालाही कागदावर हक्क आहे, हे मला आवडते. पण त्या भागातले मूळ लोक, क्वेचान आदिवासी, यांना १८८४ साली एका राखीव क्षेत्रात बसवले गेले होते. आधी जमीन रिकामी केली गेली, मग ती सर्वांची म्हणून जाहीर झाली. नामिबियात ‘मॅड मॅक्स : फ्युरी रोड’चे चित्रीकरण २०१२ मध्ये झाले. दोरोब राष्ट्रीय उद्यानातल्या नाजूक जमिनीवर गाड्यांचे चर पडले, असा पर्यावरण अहवाल पुढच्या वर्षी बाहेर आला आणि तिथल्या चित्रपट मंडळाने तो नाकारला. जॉर्डनमध्ये वादी रम इथे, जिथे ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ (१९६२) चित्रित झाला, तिथले बेदुइन मात्र आज सहकारी पद्धतीने जीप आणि तंबू चालवतात. वाळू सगळीकडे सारखीच आहे. फरक पडतो तो एका गोष्टीने : फाटकावर कोण उभा आहे.

इथे आपल्यातल्या काही मित्रांना वाटेल की उत्तर सोपे आहे, जमीन गावाला परत द्या. पर्यावरणवाले मित्र हेच म्हणतात. मला ते मान्य नाही. गाव म्हणजे कोण? बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत खेड्याच्या गौरवाची झूल उतरवून ठेवली, ती उगीच नाही. गावची सामायिक जमीनही गावातल्या जातीच्या उतरंडीनेच वाटली जाते. त्या म्हाताऱ्याला ठाकुराची वाळू आठवली ती काही पुस्तकातून नव्हे. राजस्थानातच नागौर जिल्ह्यातल्या डांगावासमध्ये मे २०१५ मध्ये जमिनीच्या वादातून मेघवाल कुटुंबावर हल्ला झाला, माणसे ट्रॅक्टरखाली चिरडली गेली. अनुसूचित जातीची जमीन इतरांना विकता येणार नाही, हा राजस्थान कुळकायद्याचा नियम १९५५ पासून आहे. कायदा असून ही गत. तेव्हा कंपनीच्या हातून काढून ठाकुराच्या हातात द्यायची, याला आपण न्याय म्हणू शकत नाही.

बाबासाहेबांचे उत्तर वेगळे होते. १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ मध्ये त्यांनी मागणी केली, की सरकारच्या ताब्यातल्या पडीक जमिनी एका वसाहत आयोगाकडे द्याव्यात आणि त्यावर अनुसूचित जातींच्या स्वतंत्र वसाहती व्हाव्यात. लक्षात घ्या, ज्याला सगळे जग ‘पडीक’ म्हणून सोडून देत होते, त्यात बाबासाहेबांना आपल्या माणसाची सुटका दिसत होती. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४-६५ चे भूमिहीन सत्याग्रह याच पायावर उभे केले, लाखो लोक तुरुंगात गेले. महाराष्ट्रात १४ एप्रिल १९९० पर्यंतची गायरानावरची दलित-आदिवासींची अतिक्रमणे नियमित करण्याचा निर्णय १९९१ मध्ये निघाला, तो त्या लढ्याचेच फळ. आणि गावची सामायिक जमीन मोकळी करायला सांगणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०११ च्या जगपालसिंग निकालातही भूमिहीन मजूर आणि अनुसूचित जाती-जमातींना दिलेल्या पट्ट्यांचा अपवाद ठेवलेला आहे. तरी मराठवाड्यात आजही गायरान कसणाऱ्याच्या हातात नोटीस पडते तेव्हा त्याला ‘अतिक्रमणवाला’ म्हणतात. त्याच गायरानावर उद्या प्रकल्प आला की त्याला ‘गुंतवणूक’ म्हणतात. जमीन तीच, ती वापरणारा बदलला की शब्द बदलतो.

म्हणून माझ्या मागण्या शूटिंग बंद करा अशा नाहीत. शूटिंगने रोजगार मिळतो, मीही त्यावर जगलो आहे. राजस्थान सरकारने २०२२ मध्ये चित्रपट-पर्यटनाचे धोरण आणले आहे, त्यात निर्मात्यांना अनुदान आहे. जनतेच्या पैशातून अनुदान द्यायचे असेल तर जनतेच्या अटीही असल्या पाहिजेत. पहिली अट : सरकारी जमिनीवरच्या कोणत्याही चित्रीकरणाची माहिती आधी ग्रामसभेत आणि दलित-आदिवासी वस्तीत जाऊन द्यावी, फक्त सरपंचाच्या घरी नव्हे. दुसरी : पाण्याची, चराईची आणि स्मशानाची वाट कुठल्याही परवानगीने अडवता येणार नाही, हे परवानगीच्या कागदावरच छापलेले असावे. तिसरी : फीचा ठरलेला हिस्सा त्याच गावातल्या भूमिहीनांच्या कामावर खर्च व्हावा. चौथी : स्थानिक रोजंदारी आणि कलाकारांचे मानधन लेखी ठरावे आणि बँकेत जमा व्हावे.

या अटी लागू होईपर्यंत आपल्या हातात काहीच नाही असेही समजू नका. संविधानाचे कलम १५(२) सार्वजनिक विहिरी, तळी, रस्ते आणि वापराच्या जागांवरून जातीच्या कारणाने कोणाला अडवू देत नाही. अत्याचार प्रतिबंधक कायद्यातल्या २०१५ च्या दुरुस्तीने, जी २६ जानेवारी २०१६ पासून लागू आहे, अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला सामायिक साधनसंपत्ती, पाणवठा, दफनभूमी किंवा वाट इतरांच्या बरोबरीने वापरण्यापासून रोखणे हा गुन्हा ठरवला आहे. वनहक्क कायदा २००६ चराईचा आणि भटक्या पशुपालकांचा हक्क मानतो. ही कलमे पाठ असलेला एक जरी कार्यकर्ता त्या वस्तीत असता, तर आमच्या झाडू खाली ठेवण्यावर वेळ आली नसती.

तरुण मित्रांनो, तुमच्यापैकी कितीतरी जण आज कॅमेरा हातात घेत आहेत. लघुपट, गाणी, यूट्यूब, सिनेमा. चांगली गोष्ट आहे. उद्या तुम्ही लोकेशनची रेकी करायला जाल आणि कोणीतरी म्हणेल, जागा मस्त आहे, एकदम रिकामी. तेव्हा दोन पावले मागे जा आणि विचारा : इथून पाण्याला कोण जाते? शेळ्या कुठे चरतात? मेलेले कुठे पुरतात? उत्तर मिळेपर्यंत ट्रायपॉड उघडू नका. आणि ज्यांच्या हातात कॅमेरा नाही, त्यांनी आपल्या तालुक्यातल्या तलाठ्याकडे जाऊन गायरानाचा सातबारा काढा. त्यात ‘इतर हक्क’ नावाचा एक रकाना असतो. आपली माणसे पिढ्यान्‌पिढ्या त्या जमिनीवर चालत आली आहेत. त्या रकान्यात त्यांचे नाव आहे की तोही कोरा आहे, ते पाहा. कोरा असेल तर कामाला लागा.

जयभीम!